एक बाई, तीन नावं

सरकारी दवाखान्यात बाळंत व्हायला आलेल्या बाईला आम्ही आधी नाव विचारतो. मग वय, गाव, कितवी खेप. ती कळांनी कळवळत असते आणि सोबतची आई नाहीतर सासू आमच्याकडे डोळे वटारून बघत असते, की पोरगी इथं अर्धमेली झालीय आणि ही बया कागद भरत बसलीय. बघू दे. चौतीस वर्षं असल्या नजरा सोसल्या मी. पण नावाचा प्रश्न सगळ्यात सोपा, असं मीही समजत होते. त्या समजुतीपायी, निवृत्तीला सव्वा वर्ष उरलेलं असताना, एका पोरीच्या पुढच्या बाळाचा जीव मी टांगणीला लावला. तेच सांगायला बसलेय.

दवाखान्याचं नाव लिहीत नाही. आष्ट्याच्या बाजूचा होता, एवढं पुरे. माणसांची नावंही बदलली आहेत.

आधी आमच्या कामाविषयी थोडं. लोकांना वाटतं, सिस्टर बाळ ओढून काढते. अहो, बाळ आपलं आपण येतं. आम्ही वाट बघतो, आणि वाट बघताना घाबरतो. पोटावर हात ठेवून कळ मोजायची, बाळाचे ठोके ऐकायचे, आईचं बीपी बघायचं, बाळ झाल्यावर रक्त किती जातंय त्यावर नजर ठेवायची. दहातल्या नऊ जणींना काही होत नाही. पण दहावी कोणती, हे कपाळावर लिहिलेलं नसतं. म्हणून दहाही जणींसाठी घाबरायचं. ज्या सिस्टरची भीती मेली, तिच्या हाती मी माझी सून देणार नाही.

बाहेरच्यांच्या तऱ्हा वेगळ्याच. आमच्याकडे घरटी एक माणूस फौजेत. साताऱ्याचे एक निवृत्त सुभेदार नातवासाठी आले होते. दर अर्ध्या तासाला दारावर टकटक करून ते "सिस्टर, रिपोर्ट?" म्हणून विचारायचे. शेवटी मी आतून ओरडले, "सब ठीक है, साहेब, तुम्ही विश्राम करा!" तर खरंच बाकावर जाऊन बसले बिचारे. एक सासूबाई पत्रिकेसाठी मनगटी घड्याळ घेऊन लेबर रूममध्ये घुसू बघत होत्या. मी त्यांना विचारलं, "डोकं बाहेर आलं ती वेळ धरायची, की पाय सुटले ती?" त्या घड्याळ घेऊन बाहेर गेल्या. अशा गमती पुष्कळ झाल्या. पण रिकामी बसले की मला गमती आठवत नाहीत. त्या पोरीचे तीन दिवस आठवतात.

त्याआधी माझ्या आक्काविषयी सांगायला हवं, नाहीतर मी एवढी का हबकले ते कळायचं नाही.

आक्का माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. तिचा पहिला मुलगा गुटगुटीत झाला. दुसरं बाळ जन्मल्यावर हळदीसारखं पिवळं पडलं आणि तिसऱ्या दिवशी गेलं. तिसरं पोटातच गेलं. चौथंही. तिची सासू चारचौघींत म्हणायची, "हिची कूस पोरं खाती." देवऋषी झाले, उतारे झाले, आक्का वाळून काटकी झाली. मी तेव्हा नर्सिंगला होते. एका दुपारी वर्गात बाईंनी फळ्यावर रक्तगट काढून समजावला, आणि मी लिहायची थांबले. फळ्यावर माझी आक्काच होती.

साध्या भाषेत सांगते. काही जणींचं रक्त निगेटिव्ह असतं. बाळ बापावर जाऊन पॉझिटिव्ह निघालं, तर बाळंतपणात बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. आईचं अंग त्याला परकं समजतं आणि त्याच्याशी वैर धरतं. पहिलं बाळ तोवर बाहेर आलेलं असतं, त्याला काही होत नाही. पण वैर राहतं, आणि ते पुढच्या बाळावर निघतं. बाळंत झाल्यापासून बहात्तर तासांच्या आत एक इंजेक्शन दिलं, की ते वैर धरलंच जात नाही. आम्ही त्याला अँटी-डी म्हणतो. बहात्तर तास, म्हणजे तीन दिवस. त्यानंतर दिलं तर खात्री नाही.

आक्काला हे मी सांगितलं नाही. तोवर तिचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालं होतं, वेळ गेली होती. एका सुईवाचून तुझी तीन लेकरं गेली, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? पुढे एका शिबिरात "शुगर बघते गं" असं खोटंच सांगून मी तिचं बोट टोचलं. ओ निगेटिव्ह. कागद फाडून टाकला आणि म्हटलं, शुगर नॉर्मल आहे.

तेव्हापासून रक्तगटाच्या बाबतीत मी वॉर्डात कुणाला सोडलं नाही. नव्या मुलींना माझा एकच धाक होता. रक्तगट तोंडी लिहायचा नाही. लॅबची चिठ्ठी डोळ्यांनी बघायची आणि मगच लिहायचा. हा माझा नियम. आणि मोडला कुणी? मीच.

सोमवारी सकाळी एक बावीस वर्षांची पोरगी आली. पहिली खेप, म्हणून माहेरी आलेली. सोबत आई, सुमनताई. आधार कार्डावर माहेरचंच नाव होतं, रूपाली सर्जेराव जाधव. मी तेच केसपेपरवर लिहिलं. तपासणीचं कार्ड विचारलं, तर सुमनताई म्हणाल्या, "ते सासरी ऱ्हायलंय, साताऱ्याकडं." हेही नेहमीचंच. नऊ महिन्यांतले सात सासरी जातात, सगळ्या तपासण्या तिकडे होतात, आणि बाळंतपण होतं माहेरी. आमच्या हाती बाई येते, तिचा कागद येत नाही.

लॅबचे भाऊ येऊन रक्त घेऊन गेले. दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली. छान रडली. सुमनताईंनी वॉर्डभर जिलेबी वाटली, मलाही दोन वेढे दिले.

संध्याकाळी ट्रेमध्ये चिठ्ठ्या बघितल्या. त्या दिवशी तिघी बाळंत झाल्या होत्या. दोघींच्या चिठ्ठ्या लावल्या. रूपालीची दिसली नाही. म्हटलं, उद्या येईल. दुसऱ्या दिवशी त्यांची घरी जायची घाई सुरू झाली. नियम दोन दिवसांचा, पण संध्याकाळी अमावस्या लागत होती आणि बाळाला त्याआधी घरी न्यायचं होतं. सुमनताई माझ्या मागे मागे फिरत होत्या, "सिस्टर, सोडा की. रिक्षा थांबलीया." घरच्यांच्या सहीवर सोडायला डॉक्टर मॅडम तयार झाल्या. डिस्चार्जच्या कागदावर रक्तगटाचा चौकोन रिकामा होता. लेबर रूममध्ये दुसरी एक ओरडत होती. मी घाईत विचारलं, "रक्तगट माहितीय का हिचा?"

"बी पॉझिटिव की," सुमनताई ठणकावून म्हणाल्या. "आमच्या घरात समद्यांचा त्योच हाय."

मी लिहिलं. बी पॉझिटिव्ह. चार वाजता ती मंडळी गेली.

बुधवारी दुपारी तीनच्या सुमाराला ट्रे आवरताना तळाशी एक चिठ्ठी चिकटलेली सापडली. अनुष्का पाटील, वय बावीस, सोमवारची तारीख. बी निगेटिव्ह.

अनुष्का पाटील नावाची बाई आमच्याकडे आलीच नव्हती. रजिस्टर दोनदा बघितलं. मग हिशोब केला. सोमवारी तिघी. दोघींच्या चिठ्ठ्या लागलेल्या. उरली एक चिठ्ठी आणि उरली एक बाई.

आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं नवं नाव लिहितो, सगळे टाळ्या वाजवतात आणि माहेरचं नाव त्या ताटातच राहतं. पण आधारवर जुनंच असतं. लॅबच्या भाऊंनी नाव विचारलं, तेव्हा सुमनताई चहा आणायला गेल्या होत्या आणि पोरीनं सासरचं नाव सांगितलं. एका दवाखान्यात एकच बाई दोन नावांनी दाखल झाली, आणि दोघींपैकी एकीचाही रक्तगट मी तपासून बघितला नाही.

एक्कावन्न तास होत आले होते. एकवीस उरले होते.

खरं सांगते, ती चिठ्ठी माझ्या मुठीत होती आणि कचऱ्याचा डबा पायाशी. कुणाला कळणार होतं? दोन-तीन वर्षांनी, साताऱ्याकडे, कुठल्या तरी दवाखान्यात तिचं दुसरं बाळ पिवळं पडलं असतं. लोकांनी नशीब म्हटलं असतं. नाहीतर कूस म्हटलं असतं. माझी पेन्शन जागेवर राहिली असती. हा विचार माझ्या मनात आला, आणि दोन मिनिटं तरी टिकला. मला त्याची अजून लाज वाटते.

मग मी मॅडमच्या खोलीत गेले. मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यांनी चिठ्ठीवरची तारीख वाचली.

"तोंडी लिहिलंत, सिस्टर? तुम्ही?"

"हो, मॅडम. मीच."

"आधी बाई शोधा. बाकीचं नंतर बघू."

केसपेपरवर सुमनताईंचाच फोन नंबर होता. लावला, तर रिचार्ज संपून इनकमिंग बंद. पत्ता आधारवरचा, आठ किलोमीटरवरचं गाव. तिथल्या आशाताईला, शोभाला फोन केला. आशा म्हणजे गावातली आरोग्याची कार्यकर्ती. घरोघर तिचीच पायपीट. ती स्कूटी काढून लगेच गेली आणि तासाभरात तिचा फोन आला, "सिस्टर, घराला कुलूप हाय. शेजारची म्हातारी म्हणतीया, कुपवाडला गेली समदी. बाप तिकडं लेथवर कामाला हाय, ऱ्हात्यात बी तिकडंच."

"कुपवाडला कुठे? नंबर घे की म्हातारीकडून."

"घेत हुते. तिच्या ल्योकाच्या फोनात हाय म्हणं. आन ल्योक ट्रक घिऊन बेंगलोरला गेलाय."

"मग लेकाचा नंबर घे!"

"त्यो बी त्याच्याच फोनात हाय, सिस्टर."

हसावं की रडावं कळेना. त्या रात्री मी अन्नाचा घास घेतला नाही. दर तासाला सुमनताईंचा नंबर लावत होते आणि दर वेळी फोनमधली तीच बाई मला तेच ऐकवत होती.

गुरुवारी सकाळी आठला आम्ही दोघी निघालो. शोभा स्कूटी चालवत होती, मी मागे, मांडीवर बर्फाच्या पिशव्या घातलेला लशीचा निळा डबा. त्यात एक इंजेक्शन. खांद्याच्या पिशवीत इमर्जन्सीची औषधं. मॅडमनी बजावलं होतं, "सापडली की मला फोन लावा, मग द्या, आणि दिल्यावर अर्धा तास तिथून हलू नका. बाळाचं रक्त तपासायला आता वेळ नाही. ते निगेटिव्ह निघालं तरी या इंजेक्शनानं नुकसान नाही."

कुपवाडच्या एमआयडीसीत पोचलो तेव्हा पहिल्या पाळीची माणसं आत गेली होती. शेडच्या पुढे शेड, आतून घरघर, बाहेर गाड्यांच्या रांगा. लेथवर काम करणारे सर्जेराव जाधव? तिथे दर तिसरा माणूस लेथवर आणि दर पाचवा जाधव. तीन कारखान्यांच्या फाटकावर विचारलं. वॉचमन म्हणाला, "मावशी, कंपनीचं नाव सांगा." कंपनीचं नाव कुणाला माहीत होतं!

मग खोल्यांच्या वस्तीत शिरलो. "रूपाली जाधव कुठे राहते?" कुणाला माहीत नाही. "अनुष्का पाटील?" नाही. दहा वाजले. उन्हानं डब्यातला बर्फ वितळतोय की काय, म्हणून मी सारखा हात लावून बघत होते. शोभा म्हणाली, "सिस्टर, तुमी गप बसा जरा, गाडी हलतीया."

एका किराणा दुकानापाशी थांबलो आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. नावानं कशाला शोधतेय मी? दुकानदाराला विचारलं, "दोन दिवसांत बाळंतशेपा, डिंक, हाळीव असं कुणी नेलंय का?"

"बरेच नेतात, ताई. पण बाळंतिणीचं म्हणाल, तर हिराबाईला विचारा. इथली सगळी पोरं तीच न्हाऊ घालते. आत्ता कामावर असेल, या गल्ल्यांतनंच कुठं तरी."

हिराबाई! अहो, अशा बायकांशी मी जन्मभर उभा दावा मांडला होता. नाळेला राख लावू नका, कानात तेल ओतू नका, बाळाला उलटं धरून झटकू नका. किती हिराबाई मी दारातून परत पाठवल्या असतील. आणि आज भर उन्हात मी हिराबाई कुठाय, हिराबाई कुठाय करत गल्लीगल्ली हिंडत होते. या घरून त्या घरी. "आत्ताच गेली की." "आज उशिरा येणार म्हणाली." चौथ्या घराच्या न्हाणीतून बाळाचं रडणं ऐकू आलं.

हिराबाई पाय पसरून बसली होती. पायांवर उपडं बाळ, आणि तांब्याची धार. मी दारातूनच विचारलं, "आवं हिराबाई, मंगळवारी संध्याकाळी कुणी बाळंतीण आलीय का इकडे? मुलगी झालीय. आईचं नाव सुमन."

तिनं हात थांबवला नाही. "बेबीचं म्हणता व्हय? सुमनची बेबी. आत्ता हितनं तिकडंच जायाचं हाय मला. पिवळ्या टाकीमागं, कडंची खोली."

बेबी. तिसरं नाव. एका बाईला तीन नावं होती आणि मी दोनच घेऊन फिरत होते.

पिवळ्या टाकीमागच्या खोलीत पोचलो तेव्हा अकरा वीस झाले होते. ओव्याच्या धुरीचा वास बाहेरपर्यंत येत होता. रूपाली खाटेवर बाळाला पाजत होती. मला बघून हसली. सुमनताईंनी मात्र निळ्या डब्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"काय झालं, सिस्टर? बाळाला काय हाय का?"

"बाळ चांगलं आहे. हिला एक इंजेक्शन द्यायचं राहिलंय."

"ऱ्हायलंय? परवा तर समदं झालं म्हणला."

आता लपवून चालणार नव्हतं. "चूक माझी आहे, ताई. हिचा रक्तगट मी न तपासता लिहिला. हिचं रक्त निगेटिव्ह आहे. हे इंजेक्शन बारा वाजायच्या आत द्यायला हवं, नाहीतर हिच्या दुसऱ्या बाळाच्या जिवाला धोका आहे."

सुमनताई खाटेच्या आणि माझ्या मधे येऊन उभ्या राहिल्या. "एकदा चुकला न्हवं? आता ही सुई बरुबर हाय कशावरनं? आन रगत निगेटिव म्हंजे काय, माज्या लेकीत खोट हाय का? सासरी कळलं तर? जावई तिकडं बॉर्डरवर, आन म्या हितं कुनाच्या भरवशावर टोचून घिऊ?"

खरं तर त्यांचं सगळं बरोबर होतं. मॅडमना फोन लावून दिला. त्यांनी समजावलं. तरी सुमनताई ऐकेनात, "हिच्या सासूबाईस्नी इचारल्याबिगर म्या हात लावू देणार न्हाई." साडेअकरा झाले. शोभाच्या फोनवरून साताऱ्याकडे फोन लावला. पहिला उचलला नाही. दुसराही नाही. तिसऱ्यांदा उचलला.

मी सगळं सांगितलं. पलीकडे सासूबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आवं, ते म्हाईत हाय की आमाला. कार्डावर तांबड्या शाईनं लिवलंय, बी निगेटिव. तिकडं बाळंतपनात सुई द्या म्हनून बी लिवलंय."

"मग कार्ड पाठवलं का नाहीत हिच्यासोबत?"

"आता गं बया! तुमीच तर म्हनता, कार्ड जपून ठिवा, जपून ठिवा. म्या पिशवीत घालून कपाटात कुलपात ठिवलंय. द्या की सुई, बसलाय कशापायी?"

माझंच वाक्य होतं ते. कार्ड जपून ठेवा. हजारदा म्हटलं असेन.

अकरा बेचाळीसला इंजेक्शन दिलं. आधी कुपीवरचं नाव आणि तारीख दोनदा वाचली. नंतरचा अर्धा तास खाटेशेजारी बसले, तिची नाडी धरून. तेवढ्यात हिराबाई आली, बाळाला घेऊन न्हाणीत गेली. मी रूपालीला विचारलं, "लॅबवाल्यांना सासरचं नाव का सांगितलंस गं?"

ती ओशाळली. "सासरी जुन्या नावाला ओ दिली की सासूबाई चिडायच्या. म्हणून सवय लावून घेतली. कळ आली तवा तेच तोंडातनं आलं, सिस्टर."

बारा वाजून दहा मिनिटं झाली आणि मला रडू कोसळलं. सुमनताईंनी पाणी दिलं. थोड्या वेळानं मुकाट्यानं चहाही दिला.

पुढे माझ्याकडून खुलासा मागवला गेला. मी लिहून दिलं, चूक माझी. पेन्शन थांबली नाही, पण तो कागद माझ्या फायलीत आहे आणि असायलाच हवा. राहिलेलं सव्वा वर्ष मी वॉर्डात आलेल्या प्रत्येकीला विचारायचे, "माहेरचं नाव काय, सासरचं काय, घरात हाक काय मारतात?" नव्या मुली तोंडावर हात धरून हसायच्या. आणि "कार्ड जपून ठेवा" म्हणायचं सोडून दिलं. "कार्ड पोटाबरोबर फिरवा," असं सांगायला लागले.

पण इंजेक्शन लागू पडलं की नाही, हे दुसऱ्या खेपेशिवाय कळत नाही. निवृत्त होऊन साताऱ्याला लेकाकडे राहायला आले, तरी ते मनात सलत होतं.

या भाद्रपदात एका दुपारी दाराशी रिक्षा थांबली. आक्का तेव्हा आठ दिवस माझ्याकडे राहायला आली होती, पुढच्या खोलीत बसून मेथी निवडत होती. दारात एक पोरगी, पोट पुढे आलेलं, कडेवर दीड-दोन वर्षांची मुलगी, मागे सासूबाई.

"सिस्टर, मी रूपाली. म्हणजे अनुष्का. बेबी हो, कुपवाडची! पत्ता शोभाताईंनी दिला."

मी आधी "ये" म्हणायचं सोडून विचारलं, "कार्ड कुठाय?"

"पर्समध्ये," ती हसून म्हणाली.

कार्ड घेतलं, चष्मा शोधला, पान उलटलं. आईच्या रक्तात वैर आहे का, ते बघायची तपासणी केलेली होती. शरीरानं वैर धरलेलं नव्हतं. अँटी-डीची सातव्या महिन्यातली सुईही दिली होती. बाळाची वाढ चांगली होती. मी तीनदा वाचलं. सासूबाई अभिमानानं म्हणाल्या, "आता कार्ड तिच्याकडंच असतंया. म्या हातबी लावत न्हाई."

आक्का सगळं बघत होती. तिनं विचारलं, "कसली सुई गं ती?"

मी विषय बदलणार, तेवढ्यात पोरगीच बोलली. "माझं रक्त निगेटिव्ह हाय ना, मावशी. ती सुई न्हाई घेतली तर पहिलं बाळ चांगलं होतं, पण दुसरं पिवळं पडतं आणि जातं. नाहीतर पोटातच जातं. सिस्टरांनी मला हुडकून काढून दिली."

आक्काच्या हातातली जुडी तशीच राहिली. पोरीनं चहा घेतला, पाया पडली, रिक्षात बसून गेली. मी कपबशा उचलायला लागले.

"पिवळं पडून?" आक्का म्हणाली.

"हं."

"म्हंजे माजी कूस न्हवती खात?"

"नाही गं आक्का. रक्त होतं ते. तुझा काही दोष नव्हता."

"तुला कवापासनं म्हाईत हाय?"

"चाळीस वर्षं," कपबशा खाली ठेवून मी म्हटलं. तुला दुःख होईल म्हणून बोलले नाही, असं काहीतरी पुटपुटले. आक्कानं पदरानं डोळे पुसले नाहीत, मेथीची एक काडी खुडली. मग म्हणाली, "दुख तर हुतंच की गं. सासू मरंपतोर मला तेच बोलत गेली. तवा सांगितलं असतंस तर निदान म्या तिला तोंडावर ऐकवलं असतं."

ज्या पोरीचं तीन दिवस माझ्याकडून चुकलं, तिला मी शोधून काढलं. जिचं चाळीस वर्षं चुकलं ती माझ्यासमोर मेथी निवडत होती, आणि तिच्यासाठी माझ्याकडे कसलंच इंजेक्शन नव्हतं. मी तिचे पाय धरले. तिनं पाय मागे घेतले नाहीत, पण डोक्यावर हातही ठेवला नाही. दोन दिवसांनी ती आष्ट्याला गेली.

बाळंतपणाची तारीख दिवाळीच्या आसपासची आहे. हा दिवाळी अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा काय ते झालं असेल. मी अजून घाबरलेलीच आहे, बाळ हातात येऊन रडेपर्यंत घाबरत राहणार. आणि गेले पंधरा दिवस आक्काचा रोज सकाळी फोन येतो. माझी चौकशी करत नाही, आपली खुशाली सांगत नाही.

"मोकळी झाली का गं ती पोरगी?" एवढंच विचारते आणि फोन ठेवते.